हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. थोडक्यात तो असा. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. श्रीरामपूरच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि त्याला लागून चार गुंठे जागा. दोन वर्षांपूर्वी ते प्रभूमध्ये झोपी गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. आई आणि थोरल्या भावाचं कुटुंब त्याच घरात राहतं. धाकटा भाऊ नाशिकला. तो म्हणतो, मला यात ओढू नका. समोरचा रस्ता रुंद झाला, जागेला गिऱ्हाईक आलं आणि थोरल्यानं तुम्हाला मोबाइलवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. त्याखाली वचन टाकलं: पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका. तुमचे यजमान म्हणतात कोर्टात जा. तुमच्या मंडळीचे (चर्चचे) पाळक म्हणतात सोडून द्या, स्वर्गात भरून मिळेल. आणि तुम्ही विचारता, ‘ख्रिस्ती माणसानं वस्तूंपेक्षा विश्वास आणि नाती मोठी मानायची, मग मी सही करायलाच हवी ना?’

करायलाच हवी असं नाही. करू शकता. पण त्या ‘करायलाच’मधला ‘च’ गळून पडेपर्यंत पेन उघडू नका.

मी नगर जिल्ह्यात एकतीस वर्षं पाळकाचं काम केलं. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांची मंडळीच्या रजिस्टरात नोंद होते. वाटण्यांची होत नाही, पण माझ्या कितीतरी संध्याकाळी त्यातच गेल्या. दफनविधीला एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेली भावंडं महिन्याभरानं माझ्या ओसरीवर दोन टोकांना बसलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे तुमच्या घरात काही जगावेगळं वाईट चाललंय असं मनात आणू नका.

आधी माझी एक चूक सांगतो. सेवेची सुरुवातीची वर्षं होती. एक विधवा बहीण कापडी पिशवीत असाच कागद घेऊन आली. तिला तिचा हिस्सा हवा होता, पण आपण लोभी ठरू याची धास्ती होती. तुमच्या भावानं पाठवलेलं वचन ज्यात आहे तो मत्तयाचा सहावा अध्याय मी काढला, समजावलं, प्रार्थना केली, आणि तिनं माझ्याच टेबलावर, माझ्याच पेननं सही केली. मला वाटलं, मी एक नातं वाचवलं. भावानं मात्र त्यानंतर तिच्या घरी जाणंच सोडलं. आपण जिच्याकडून काढून घेतलं तिच्या दारात चहा प्यायला माणसाचं मन धजत नाही. ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. फक्त नाताळात तिच्या घरून करंज्यांचा डबा यायचा, तो यायचा बंद झाला.

आता शास्त्राकडे, म्हणजे बायबलकडे वळतो, कारण तुमच्यावर दडपण शास्त्राचंच आणलं गेलंय.

तुमच्या घरातल्यासारखाच प्रश्न येशूलाही विचारला गेला होता. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एकजण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, मला वतनाचा वाटा दे. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि मग सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळा, असं सांगून तो श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला देतो. व्यासपीठावरून या उताऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा असा लावतात की वाटा मागणाराच लोभी. पण नीट वाचा. तो सांभाळायला ‘त्यांना’ सांगतो, सगळ्यांना. वाटा मागणाऱ्याला लोभ असू शकतो, तसा वाटा दाबून बसलेल्यालाही असू शकतो. आणि दाखल्यातला माणूस मागणारा नाही. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे आणि कोठारं पाडून मोठी बांधायची आहेत, असा तो आहे.

त्या दाखल्यात माझं लक्ष नेहमी एका गोष्टीकडे जातं. त्यात दुसरं माणूसच नाही. एवढं पीक आलं, पण कापणारा मजूर दिसत नाही, बायको नाही, मुलगा नाही, शेजारी नाही. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य. शेवटी बोलायला कुणी उरत नाही म्हणून तो स्वतःच्या जिवाशी बोलतो: जिवा, आराम कर, खा, पी. आणि देव त्याला विचारतो, हे साठवलेलं आता कुणाचं होणार? म्हणजे वाटणीचाच प्रश्न परत येतो, पण आता ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्यासमोर. तुमच्या भावानं पाठवलेलं वचन मत्तयाचं आहे, खरं आहे, आणि ते आधी पाठवणाऱ्याला लागू होतं. हे त्यांना उलटं पाठवा असं मात्र मी म्हणत नाही. वचनांचे दगड करून फेकाफेकी करायची सवय आपल्या लोकांना फार आहे.

कोर्टाबद्दलही असंच. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, एकमेकांवर फिर्यादी करता त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? पहिलं पत्र, सहावा अध्याय, सातवं वचन. हे सगळ्यांना पाठ. पण दोनच वचनं आधी तो विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आणि आठव्या वचनात म्हणतो, उलट तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. अलीकडचं पलीकडचं सोडून मधलं तेवढं उचलायचं आणि बहिणीच्या हातात ठेवायचं, याला मी शास्त्र म्हणत नाही.

सोडून देण्याचं उत्तम उदाहरण अब्राहामाचं. गुराख्यांची भांडणं लागली तेव्हा तो लोटाला म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटानं यार्देनेकाठची पाण्याची जमीन उचलली. यात थोरला कोण होता? चुलता अब्राहाम. निवडीचा पहिला हक्क ज्याचा, त्यानं तो धाकट्याला दिला. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सोडायचं ते बहिणीनं, विधवेनं, धाकट्यानं. आणि त्याला ख्रिस्ती वळण म्हणायचं.

रेव्हरंड टिळकांचं उदाहरणही या प्रसंगी हमखास निघतं. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली, भगवी वस्त्रं घेतली, ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली. मोठा माणूस, त्यांची पदं गात आम्ही वाढलो. पण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि चूल कशी पेटायची याची चिंता पत्नी लक्ष्मीबाईंना करावी लागे, हे त्यांनी स्वतःच हसत हसत लिहून ठेवलंय. त्याग एकाचा आणि झळ दुसऱ्याला, हा प्रकार साधुपुरुषाच्या घरातसुद्धा होतो. मात्र त्याच घरातली दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि नवरा-बायकोची ताटातूट झाली. जातीचे, नात्याचे सगळे दोर तुटले, तरी दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या त्या नवऱ्याजवळ राहायला, धर्म बदलायला नव्हे. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनानं, 1900 मध्ये. टिळकांनी वाट पाहिली. सही मागितली नाही.

म्हणून मी सांगतो, जे सोडायचं ते आधी मोजा. आपलं किती, हे ठाऊक असलेल्या माणसानं ते देऊन टाकलं तर ते दान. ठाऊकच नसताना सुटलं तर ती फसगत. आणि घाबरून सोडलं तर ते मनात व्याजासकट वाढत राहतं.

तर मोजू. आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि मागे पत्नी व मुलं असतील, तर एक तृतीयांश पत्नीचा. उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही. मुलीचं लग्न झालं म्हणून काही कमी होत नाही. ‘वडिलोपार्जित आहे, मुलांचं जन्मतः असतं’ हे आपल्या घरांत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकून आलेलं आहे. ख्रिस्ती कायद्यात जन्मानं हक्क मिळत नाही, मुलालाही नाही. तुमच्याकडे तीन भावंडं. म्हणजे नऊ भाग करा: तीन आईचे, आणि तुम्हा प्रत्येकाला दोन. जागा खरोखर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होती का, हे उतारा काढून बघा. वारस नोंद झाली आहे का, त्यात तुमचं आणि आईचं नाव आहे का, तेही तलाठ्याकडे विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का नाहीसं व्हावं? आम्हाला वतन द्या. परमेश्वरानं मोशेला सांगितलं, मुली बरोबर बोलतात. गणना, सत्ताविसावा अध्याय. त्यांना कुणी लोभी म्हटलं नाही. पाचही जणींची नावं शास्त्रात लिहिली गेली.

आता पेन्सिल कशासाठी घेतली ते सांगतो. तुमच्या पत्रात भावाचा उल्लेख बावीस वेळा आहे. पाळकांचा चार वेळा. आईचा दोनदा: एकदा ‘आई थोरल्याकडे असते’ आणि एकदा शेवटी, ‘आईचे गुडघे फार दुखतात’. नऊपैकी तीन भाग ज्यांचे, त्या बाईंना काय हवंय ते कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. भावानं विचारलेलं नाही, पण ताई, तुम्हीही नाही. गिऱ्हाईक आलं, घर विकलं, तर त्या कुठे राहणार? शिक्षकाची बायको म्हणून ज्या उंबऱ्यातून त्या चाळीस-पन्नास वर्षं आत-बाहेर करत आल्या, तो उंबरा जाणार हे त्यांना माहीत तरी आहे का?

योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात क्रुसाखाली एक वाटणी चाललेली आहे. शिपायांनी येशूच्या कपड्यांचे चार वाटे केले, प्रत्येकाला एक. झगा बिनशिवणीचा होता, वरपासून विणलेला. फाडून वाया घालवण्यापेक्षा त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. व्यवहाराला चोख माणसं. लगेच पुढच्याच वचनांत क्रुसावरून येशू आपल्या आईकडे बघतो आणि शिष्याला सांगतो, ही तुझी आई. त्या घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. येशूजवळ वाटण्यासारखी तेवढी एकच जबाबदारी उरली होती, आणि ती त्यानं एका माणसाच्या हाती सोपवली. मी वाटणीच्या बैठकीला बसायचो तेव्हा प्रार्थनेत हाच उतारा वाचायचो. तो वाचला की बहुतेक ठिकाणी कुणीतरी उठून आतल्या खोलीत जाऊन आईला बाहेर घेऊन यायचं. तोवर ती आतच बसलेली असायची.

भावाची बाजूही घ्यायला हवी, कारण ती तुम्ही लिहिलेली नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात रात्री दवाखान्यात कोण थांबत होतं? छपराचे पत्रे कुणी बदलले? एका घरात बैठकीच्या वेळी थोरल्या भावानं दुधाच्या पिशवीत गच्च भरलेल्या दवाखान्याच्या पावत्या चटईवर ओतल्या होत्या. नऊ वर्षांच्या. तो म्हणाला, मला यातला एक रुपया नको, पण हे कुणी कधी बघितलं नाही. बहिणीनं त्या पावत्या एकेक करून सरळ केल्या, तारखेप्रमाणे लावल्या. तासभर लागला. त्या तासात कुणी फारसं बोललं नाही, आणि त्यानंतर वाटणी अर्ध्या तासात आटोपली. तेव्हा तुमच्या हिशेबात भावाचा खर्च आणि वहिनीचे हात दोन्ही धरा. वहिनी हा शब्दही तुमच्या पत्रात नाही.

आणि नेहमी जमिनीवरच अडतं असंही नाही. एका ठिकाणी घर, शेत, भांडी सगळं सुरळीत झालं आणि गाडी अडली ती पेटीवर. वडील संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत पेटी वाजवायचे. दोन पट्ट्या मोडलेल्या, भात्याला चामड्याचं ठिगळ. बाजारात तिला कुणी हात लावला नसता. मुलगा म्हणे, मी वाजवतो. मुलगी म्हणे, बाबा मला शेजारी बसवून शिकवायचे. शेवटी ‘तोवर पाळकसाहेबांकडे राहू द्या’ असं ठरलं. पेटी आमच्या घरी आठ महिने गोणपाटात गुंडाळून पडली होती. उघडली तेव्हा उंदरांनी भाता कुरतडलेला. मला अपराध्यासारखं झालं. दोघांना बोलावलं. दोघं बघत राहिले आणि मग मुलगी हसायलाच लागली. भात्याची दुरुस्ती त्यांनी निम्मी निम्मी केली. पेटी आता कुणाकडे असते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

तुमच्या पाळकांच्या ‘सोडून द्या’च्या उलट, ‘विश्वास ठेवा, देव तुम्हाला बंगला-गाडी देईल’ असं सांगणाऱ्या सभा हल्ली गावोगावी होतात. त्यावर मी इथे वेळ घालवत नाही. एवढंच म्हणतो, की ‘सगळं सोडा, स्वर्गात भरून मिळेल’ हे त्याच नाण्याचं दुसरं अंग आहे. दोन्हीकडे देवाशी सौदाच चाललेला असतो.

मग करायचं काय?

आधी स्वतःशी एक परीक्षा घ्या. ही मी शेकडो जणांना दिली आहे. समजा उद्या भावानं तुमच्या दोन भागांची पूर्ण रक्कम बँकेत भरली, आणि त्यानंतर आयुष्यभर फोन केला नाही. कसं वाटेल? आणि समजा त्यानं एक पैसा दिला नाही, पण तुमच्या दारात येऊन म्हणाला, ताई, तुला न विचारता मी कागद केला, माझं चुकलं. कसं वाटेल? बहुतेकांचा बांध दुसऱ्या प्रश्नाला फुटतो. तुमचाही फुटला तर समजा की तुम्हाला जमीन नव्हे, मोजणीत धरलं जायला हवंय. फुटला नाही, पैशाचीच गरज आहे असं दिसलं, तरी त्यात पाप नाही. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी तुम्ही लिहिली आहे. पौल पैशाच्या लोभाला सगळ्या वाईटाचं मूळ म्हणतो, फीला नव्हे.

मग भावाला फोन. मेसेज नको, मेसेजमध्ये आवाज नसतो, आणि आपण दुसऱ्याचं लिहिलेलं नेहमी ओरडून वाचतो. असं काहीतरी म्हणा: ‘दादा, मी सहीला नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. मला आधी आईशी बोलायचंय. मग आपण तिघं आणि आई एकत्र बसू. बाबांच्या दुखण्याचा खर्च तुझ्याकडे लिहिलेला असेल तर तो काढून ठेव, मला बघायचाय.’ शेवटचं वाक्य विसरू नका. नाशिकच्या भावाला ओढायचं नाही, पण बसवायचं. गप्प राहणाऱ्याला वाटतं आपण शांती राखतोय. खरं तर तो दुसऱ्या दोघांना एकमेकांवर सोडून देत असतो.

बैठकीला मंडळीतली दोन वडीलधारी माणसं घ्या, एक तुमच्या विश्वासाचं आणि एक भावाच्या. तुमचे यजमान आणि वहिनी, दोघांनाही बोलावा. नऊ भागांचा हिशेब कागदावर मांडा आणि सगळ्यांना दाखवा. त्यानंतर तुम्हाला सोडायचं असेल तर तिथे, सगळ्यांसमोर, तोंडानं सांगा: माझे दोन भाग आहेत, त्यातला एवढा मी दादाला देते. ‘देते’ म्हणा, ‘हरकत नाही’ म्हणू नका. अर्धा सोडता येतो, पाव सोडता येतो, आईच्या नावावर करता येतो. आई असेपर्यंत घर विकायचं नाही, एवढं सगळ्यांकडून कबूल करून घेऊन बाकी सगळं सोडता येतं. मसुद्यात ‘कायमचा व संपूर्ण’ हे शब्द छापील असतात म्हणून तेच खरे मानायचं कारण नाही.

आणि हिशेब दाखवूनही भाऊ ऐकेनाच, आईलाच बाहेर काढू लागला, तर वकिलाकडे जा. खुशाल जा. सोसणं स्वतःपुरतं असतं, आईच्या वाट्याचं सोसणं आपण परस्पर कबूल करायचं नसतं. शास्त्री-परूशी, म्हणजे तेव्हाचे यहुदी धर्मपुढारी, आईबापांच्या हक्काचं ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहून टाकायचे आणि मोकळे व्हायचे, त्यावर येशू किती चिडला होता ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. मात्र नोटीस पाठवण्याच्या आदल्या दिवशी भावाला स्वतः सांगा की पाठवतेय. पोस्टमनकडून कळू देऊ नका.

नाताळाला माहेरी जायचं की नाही, असं तुम्ही तळटीप दिल्यासारखं विचारलंय. जा. या वर्षी तर जाच. दोन दिवस राहा, आईजवळ झोपा, वहिनीबरोबर चकल्या पाडा, उपासनेत भावाच्या बाकावर बसा. त्या दोन दिवसांत कागदाचा विषय कुणी काढला तर म्हणा, बैठकीत बोलू. बैठक जानेवारीत ठेवा. आणि वकील किंवा वडील माणसं, ज्यांना कुणाला भेटायचं असेल, त्यांना घरी बोलवा. आईंच्या गुडघ्यांना कचेरीचे जिने चढवणार नाहीत.